परसापर्यंत पोचेल असा फोन

५ जानेवारी १९९७, रविवार

आजही तेच! फोन वाजला तेव्हा मी सोवळ्यात, शेगडीपुढे, नैवेद्याचं वरण उकळायला आलेलं. हे परसात, विहिरीपाशी, विड्याची पानं पुसत बसलेले. फोन वाजतोय, वाजतोय, वाजतोय — आणि आमचं घर म्हणजे आगगाडीचा डबा. रस्त्याकडून शिरलं की ओटा, मग कूडम म्हणजे बसायची खोली, मग उघडा चौक, मग स्वयंपाकघर, मग परस. फोन बसवलाय कूडमात, पार पुढच्या टोकाला. हे पार मागच्या टोकाला. मधे मी.

सोवळ्यात मी फोनला हात लावत नाही. नैवेद्य दाखवेपर्यंत बोलतही नाही — सासूबाईंनी घालून दिलेली शिस्त आहे, त्या गेल्या तरी शिस्त आहे. दारात जाऊन हातानं खूण केली. ह्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघून छान हसले, पुन्हा पानं पुसायला लागले!

शेवटी मीच धावले. शिवीच — आमची लेक, शिवकामी. रविवारी सकाळी फोनचा दर उतरतो, तेव्हा पुण्याहून करते.

"अम्मा, अप्पांना दे ना."

परसात गेले, समोर उभी राहिले, सांगितलं. म्हणाले, "तूच बोल. बरी आहे ना, म्हणून विचार."

पुन्हा आंघोळ, पुन्हा सोवळं, आणि तोवर वरण तळाला लागलेलं. दोन वाजता जेवलो. ह्यांनी लागलेलं वरण मुकाट्यानं खाल्लं, वर "चव वेगळी आहे" म्हणाले. म्हणजे रागावावं तर तेही होत नाही.


१२ जानेवारी, रविवार

आज शिवी रडली. तिला पाचवा सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय सांगायला लागतं? पण तिची सासू म्हणते, "एवढ्या लांब कशाला, इथं मोठी मोठी हॉस्पिटलं आहेत." जावईबापू कुणाच्याच विरुद्ध नाहीत. आणि ही म्हणते, "अप्पांनी स्वतःच्या तोंडानं 'ये' म्हटलं तरच येईन, अम्मा. दसऱ्यापासून ते फोनवर आलेले नाहीत. माझ्या लग्नाचा राग अजून गेलेला नाही त्यांचा."

मी म्हटलं, "अगं, पोस्टकार्डात लिहितात की."

"पोस्टकार्डात 'चि. सौ. शिवकामीस अनेक आशीर्वाद' लिहितात. तसं ते शेजारच्या मुलीलाही लिहितील. मला आवाज हवाय."

मार्चच्या मध्यानंतर डॉक्टरीण प्रवास करू देणार नाही. म्हणजे दोन महिने आहेत.

राग? मला नाही वाटत. लग्न पुण्याला झालं, तिच्या पसंतीचं. तिकडच्या एका मावशींना आमचं तंजावरी बोलणं ऐकून हसू आवरेना — "अगंबाई, हे तर पेशवाईतलं मराठी!" ह्यांना लागलं ते खरं. पण तो राग मावशींवर. लेकीवर कशाला?

की लेकीवरही? हे कमी बोलतात. कमी बोलणाऱ्याच्या पोटात काय आहे कोण जाणे.


१४ जानेवारी, मंगळवार

पोंगल. दारात ऊस, भांड्याला हळदीचा गड्डा. ह्यांनी गोड पोंगल दोनदा वाढून घेतला, तूप वेगळं मागून. रागावलेला माणूस एवढं खातो का?


१६ जानेवारी, गुरुवार

मला सुचलं! पलीकडच्या मीनाक्षीबाईंकडे सिंगापूरहून मुलानं आणलेला बिनदोरीचा फोन आहे. ती बाई तो कमरेला खोचून फिरते, ओट्यावर बसून भाजी निवडते नि मदुरेच्या बहिणीशी भांडते. सगळ्या गल्लीला दोन्ही बाजू ठाऊक — बहिणीची बाजू हीच मोठ्यानं सांगते, "काय म्हणालीस? मी कंजूष?"

तसा फोन घ्यायचा. ह्यांचे गुडघे धरलेत, परसातून उठून कूडमापर्यंत यायचं जिवावर येतं, हे उघड आहे. तोंडानं म्हणतील का? नाही. तर मग फोनच परसात न्यायचा! शिवीचा आवाज नेऊन ह्यांच्या कानाशी ठेवायचा. बघू 'तूच बोल' कसं म्हणतात ते.

ह्यांना सांगितलं. एकटक माझ्याकडे बघत सगळं ऐकलं. हल्ली हे असेच बघतात — मी बोलायला लागले की पेपर खाली, चष्मा वर, नजर माझ्या तोंडावर. लग्न झालं तेव्हाही असं बघितलं नव्हतं! मीनाक्षीबाईंनी परवा पाहिलं नि मला चिमटा काढला, "काय गं वेंकू, म्हातारपणी रंगात आलेत कृष्णराव!" मी लाजले. ह्या वयात!

"घे," म्हणाले. एवढंच.


१८ जानेवारी, शनिवार

व्यंकोजी आला होता. माझ्या थोरल्या दिराचा मुलगा, टेलिफोन कचेरीत आहे, त्यामुळे ह्या विषयात त्याला फार बोलायचं असतं. रंगीत चित्रांची माहितीपत्रकं घेऊन आला. कॉफी दोनदा झाली.

केवढे प्रकार! दहा नंबर लक्षात ठेवणारा. शेवटचा नंबर आपोआप पुन्हा फिरवणारा. वाट बघायला लावताना बाजा वाजवणारा. ज्यावर फोन ठेवतात त्या ठोकळ्यातच कर्णा असलेला — हातात न धरता बोलता येतं. आवाज लहानमोठा करायची दांडी असलेला. घरातल्या घरात बोलायची सोय असलेला.

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे काकी, तू कूडमात ठोकळ्याचं बटण दाबलंस की काका परसात हातातल्या फोनवर तुझ्याशी बोलणार. इंटरकॉम. मोठमोठ्या कंपन्यांत असतो."

मी पोट धरून हसले. दोन माणसांचं घर, आणि नवराबायकोनं एकमेकांना फोन करायचा? ह्यांना भूक लागली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहतात. तो आमचा इंटरकॉम!

व्यंकोजीला सगळी बटणं असलेला हवा होता. त्याला काय, त्याला फुकट दाबायला मिळणार. मी म्हटलं, "बाबा, पातेलं घेताना मी कडी बघते, बूड बघते. नक्षी नाही बघत. मला एक सांग, हाक कुठवर पोचते?"

"रेंज म्हणतात त्याला काकी."

"म्हणोत. विहिरीपर्यंत पोचते का?"

ते त्याला ठाऊक नव्हतं. भिंतीवर अवलंबून, म्हणाला.


२० जानेवारी, सोमवार

मीनाक्षीबाईंचा ठोकळा दुपारभर मागून आणला नि आमच्या तारेला जोडून पाहिला. व्यंकोजी कचेरीतून फोन करत होता, मी तो कानाला लावून घरभर चालत होते. कूडमात — लख्ख. चौकात — लख्ख, नुसती कावळ्यांची साथ. स्वयंपाकघरात शिरले तर फरफर, जणू कुणी शेजारी अप्पम तळतंय. पितळी भांड्यांची मांडणी भिंतभर आहे ना, तिथं आवाज अडतो म्हणे. सासूबाईंचे घंगाळ-हंडे अजून कुणाला सहज पुढे जाऊ देत नाहीत!

परसात गेले नि व्यंकोजी मेलाच. विहिरीपाशी तर नुसता समुद्र.

हे बघत होते. मी फोन हलवून दाखवला, "येत नाही!" तर हसून हातानं म्हणाले, राहू दे. ह्यांच्या त्या 'राहू दे'मुळेच मी हट्टाला पेटते.

ठरलं. लांब हाकेचा घ्यायचा, बाकी काही नसलं तरी चालेल. आणि जुना दोरीचा फोन काढायचा नाही. बिनदोरीचा ठोकळा विजेवर चालतो, वीज गेली की मुका — आणि आपल्या गावात वीज जेवायच्या वेळी जाते.


२३ जानेवारी, गुरुवार

नवी अडचण. रविवारी फोन येईल तेव्हा मी सोवळ्यातच असणार. ठोकळ्यावरून उचलून परसात नेणार कोण? मीनाक्षीबाईंना विचारलं, प्लास्टिकला विटाळ असतो का. त्या म्हणाल्या, "शास्त्र लिहिलं तेव्हा प्लास्टिक होतं कुठे? विटाळही नाही, सोवळंही नाही. तुझी मर्जी!" असल्या उत्तरानं पुण्य मिळत नाही नि पापही लागत नाही, नुसती झोप उडते.

मग रेशीम आठवलं. रेशमाला विटाळ नाही! माझ्या लग्नातल्या पट्टूची, रेशमी साडीची, किनार अजून धड आहे. तिची पिशवी शिवते — फोन आत, वरून नाडी. पिशवीला धरलं की झालं. सासूबाई असत्या तर बोट लावून बघितलं असतं, मग "हं" म्हणाल्या असत्या. तो "हं" मला आत्ताच ऐकू आला.


२७ जानेवारी, सोमवार

मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात गेलो, दोघं. दुकानदार "मामी, मामी" करत एकेक डबा उघडत होता. ह्यांना दोनदा काहीतरी विचारलं त्यानं, तर ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. दुकानदार हसला, "सर फार शांत."

"शांत नाहीत, शहाणे आहेत," मी म्हटलं.

दोन उरले. एक राखाडी — लांब हाकेचा, एरियल वीतभर, बटणं बेताची. दुसरा काळा — त्याची हाकही तेवढीच, शिवाय तो इंटरकॉम, शिवाय ठोकळ्यात कर्णा, शिवाय आवाज लहानमोठा करायची दांडी. दुकानदार काळ्याच्या मागे लागला. मी म्हटलं, "बाबा रे, आवाजाची दांडी आमच्या शेजारणीला दे, ती ओरडते. आमच्या घरात कुणी ओरडत नाही."

राखाडी घेतला. एक बटण मात्र नको असताना गळ्यात पडलं — ठोकळ्यावर आहे, दाबलं की हातातला फोन किंचाळतो. हरवला तर सापडावा म्हणून. एवढासा फोन नि घरात माणसं दोन, हरवायला जाणार कुठे?

घरी आल्यावर पिशवीत घालून पाहिला. अंगाबरोबर बसला! किनारीवरचा मोर बरोबर कानाशी आलाय.


२ फेब्रुवारी, रविवार

लिहवत नाही, पण लिहिते.

फोन वाजला. मी सोवळ्यात. ठोकळ्यावरून पिशवीसकट उचलला, पिशवीवरूनच बोटानं बटण दाबलं — ते आठवडाभर शिकले होते — आणि काही न बोलता चालत सुटले. कूडम, चौक, भांड्यांची मांडणी, परस. आवाज तुटला नाही! पिशवीतून शिवी "हॅलो, हॅलो, अम्मा, येतंय का ऐकू?" करत होती. विहिरीपाशी आले, ह्यांच्यासमोर उभी राहिले, मोर ह्यांच्या कानाला लावला.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोन धरला. चेहरा असा झाला, जसा परीक्षेला बसलेल्या मुलाचा होतो.

"हं," म्हणाले. "हं... हं... बरं." मग, "पाहू." आणि पिशवी माझ्याकडे परत दिली.

मी कानाला लावली. तिकडे हुंदके. "मी विचारलं, अप्पा, मी येऊ ना घरी? तर 'पाहू' म्हणाले, अम्मा! पाहू!"

मौनाची शिस्त मोडून मी बोलले, तोवर तिनं ठेवून दिला होता.

नैवेद्य झाला नाही. नुसतं दूध-साखर ठेवलं देवापुढे.


४ फेब्रुवारी, मंगळवार

ह्यांच्याशी बोलत नाही मी. कॉफी नेऊन ठेवते, पाठ फिरवते. कॉफीवर जरा जास्त फेस आला तर तो माझा दोष नाही, हात सवयीनं चालतो.

आज म्हणाले, "तोंड का मिटलंस? मला काही कळेनासं झालंय."

कळेनासं झालंय म्हणे! मी पाठमोरीच म्हणाले, "पोटच्या पोरीला 'ये' म्हणता येत नाही, आणि म्हणे कळेना." आणखीही बरंच म्हणाले, लग्नापासूनचं. इतकं मी जन्मात बोलले नव्हते. वळून पाहिलं तर पानाला चुना लावत होते. शांतपणे!


७ फेब्रुवारी, शुक्रवार



दुपारी ठोकळ्यावर फोन नव्हता. रागाच्या भरात कुठे ठेवला आठवेना. म्हटलं, ते बटण एकदा तरी कामाला येऊ दे. दाबलं. लांबून किंचाळला — परसातून. तिथंच राहिला म्हणजे. बोट काढलं तरी बराच वेळ ओरडत राहतो तो. चौकातून गेले, स्वयंपाकघरातून गेले, आवाज वाढतोय. पलीकडून मीनाक्षीबाई ओरडल्या, "वेंकू, काय पेटलंय तुझ्याकडे?"

मागच्या दारात आले. हे विहिरीपाशी, माझ्याकडे पाठ करून. फोन ह्यांच्या मांडीवर, धोतराच्या ओच्यात. किंचाळतोय — आणि हे पानाचे देठ खुडतायत. एक देठ. दुसरा देठ. समोर भिंतीवर खार होती ती आवाजाला घाबरून पळाली. ती कुठे पळाली हे मान वळवून बघितलं ह्यांनी. मांडीवर मात्र पाहिलं नाही.

आवाज आपोआप बंद झाला. मी तशीच उभी.

मग जे कधी केलं नव्हतं ते केलं. आमच्यात नवऱ्याला हाक मारत नाहीत. समोर जायचं, नजर वर झाली की बोलायचं. सगळा जन्म मी तसंच केलंय. आज पाठीमागून हाक मारली. नावानं. मोठ्यानं. मीनाक्षीबाईंना ऐकू गेली असेल. नदीपल्याड गेली असेल.

ह्यांना नाही गेली.


८ फेब्रुवारी, शनिवार

काल संध्याकाळी समोर बसले. म्हटलं, "कधीपासून?"

आधी उडवून लावलं. मग माझं तोंड बघत राहिले — आता कळतंय ते बघणं कसलं होतं! आणि मी लाजत होते, वेडी.

"दसऱ्याच्या आधीपासून," म्हणाले. "हळूहळू." हे ज्या गोविंदपुरमच्या मठात भजनाला जायचे, तिथं ह्यांचा टाळ पुढे धावला. सगळ्यांनी वळून पाहिलं. तेव्हापासून तिकडे गेले नाहीत. मला म्हणाले होते, बसला फार गर्दी असते.

"मला सांगायचं नाही?"

"तुझं सगळं कळतं मला. तू समोर येऊन बोलतेस. सोवळ्यात तर खुणाच करतेस. मला वाटलं, निभेल."

निभलंच की! सगळं घर खुणांवर चाललेलं, समोर उभं राहून बोलायची रीत — त्यातून बहिरेपण पावलांचा आवाज न करता आत आलं नि पाटावर बसलं. मला पत्ता नाही.

"आणि पाठमोरी बोलले ते?"

"पाठमोरी बोलतेस?" खरंच नवल वाटलं त्यांना. "काय बोललीस?"

"काही नाही. भाजीचे भाव."

मग विचारलं, "परवा फोनवर शिवी काय म्हणत होती? नुसती कुजबुज येत होती. काहीतरी मागतेय वाटलं. 'नाही' कसं म्हणू, 'हो' तरी कसं म्हणू, म्हणून 'पाहू' म्हटलं."

मी सांगितलं. शब्द नीट उच्चारून सांगितला. 'ये-ऊ-ना.'

हे उठले, विहिरीपाशी गेले, पाणी काढलं, तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

आणि माझी ती रेशमाची पिशवी! कुजबुज तरी कसली, मीच मोर शिवला होता ह्यांच्या कानावर.


९ फेब्रुवारी, रविवार

आज शिवीचा फोन आला नाही. सोवळ्यात कान कूडमाकडे लावून स्वयंपाक केला. नाही आला. संध्याकाळी मीच लावला, तर तिची सासू. "झोपलीय हो. आम्ही इथंच करायचं ठरवलंय, नाव पण घातलं हॉस्पिटलात."

ह्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. बोलावंच लागलं नाही.

म्हटलं, मी सांगते तिला खरं काय ते. तर माझा हात धरला. "तू नको. पोटुशी आहे, बापाच्या कानाची काळजी करत बसेल. मला बोलू दे. मी बोलेन. कसं ते बघ तू."


११ फेब्रुवारी, मंगळवार

तंजावरला कानाच्या डॉक्टरांकडे. कानात मळ नाही, शीर झिजलीय म्हणाले. यंत्र लावा. ह्यांनी यंत्र हातात घेऊन पाहिलं, परत ठेवलं, "पुढच्या खेपेला." डॉक्टर हसले. मी विचारलं, फोनवरचं ऐकू येईल का? "आवाज मोठा करता येणारा फोन असला तर येईल की. कानाशीच असतो ना तो."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले नि मनातल्या मनात दुकानातल्या त्या काळ्या फोनची क्षमा मागितली.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानदार आधी बदलून द्यायला तयार होईना. "मामी, वापरलेला आहे." मी म्हटलं, "वापरलेला कुठला, रेशमात ठेवलेला आहे!" पिशवी काढून दाखवली. तो बघतच राहिला. त्याच्या बायकोला बोलावलं, तिनं मोर बघितला. वरचा फरक घेऊन काळा दिला.

या खेपेला हे बोट दाखवत बसले नाहीत. डबा उघडला नि आधी ती दांडी बघितली, पुढेमागे सरकवली. कडी धड आहे का बघावं तशी.

नव्याला पिशवी नाही. सोवळं? फोन आता ह्यांच्यापाशीच राहील परसात, मी हातही लावणार नाही. उगाच चार दिवस शिवत बसले!


१६ फेब्रुवारी, रविवार

आज आम्ही लावला. नैवेद्य लवकर उरकला, मग हे मधे चौकात पाटावर बसले, दांडी शेवटपर्यंत सरकवली, नंबर स्वतः फिरवला. पहिल्यांदा चुकला. कुणा तिसऱ्याला "शिवी का?" म्हणाले. दुसऱ्यांदा लागला.

मी समोर बसून बघत होते. तिकडचा आवाज मलासुद्धा येत होता, एवढा मोठा. "हॅलो? कोण?"

ह्यांचे डोळे एकदम मोठे झाले. फोन कानावर दाबला.

"शिवी," म्हणाले. "मी. अप्पा. ऐक. मला ऐकू येत नव्हतं. राग नव्हता, कान नव्हता. आता येतंय. तू आता ये. लवकर ये. सासूबाईंना सांग, मी हात जोडून मागतोय. ऐकलंस का?"

एवढ्या मोठ्यानं! स्वतःचा आवाज किती हे कळत नाही ना. पलीकडून भिंतीवरून मीनाक्षीबाई ओरडल्या, "ती आधीच निघाली असेल कृष्णराव, पुण्यापर्यंत फोनशिवाय पोचलं!"

शिवी रडत होती, हसत होती. मग तिच्या सासूबाई आल्या फोनवर. ह्यांनी त्यांचंही ऐकून घेतलं, आमच्या त्या जुन्या बोलीत अघळपघळ बोलले. तिकडे कुणी हसलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "घेऊन जा हो लेकीला. बारशाला आम्ही येऊ." मार्चच्या पहिल्या आठवड्यात जावईबापू आणून सोडणार.

ह्यांनी फोन खाली ठेवला. पुन्हा उचलला. कानाला लावून नुसता तो घूंऽऽ आवाज ऐकत बसले.


१७ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी कूडमात तांदूळ निवडत होते. ठोकळा वाजला. ही वेळ पुण्याची नव्हे. धसकून कर्ण्याचं बटण दाबलं, "हॅलो?"

"मी," हे म्हणाले. परसातून!

तो मेला इंटरकॉम.

"काय हवंय? कॉफी?"

नुसती खरखर आली, वाटलं बिघडला. मग ह्यांचा आवाज, अगदी हळू — "काही नको. बोल. काहीही बोल. दसऱ्यापासून नुसतं तोंड बघतोय तुझं."

मी तांदळातले खडे एकेक मोजून ऐकवले.